विश्लेषण : धर्माज्ञांचा ‘आतला अर्थ’ सांगणारे इसहाक लुरिया कोण होते?

यहुदी धर्मात पाळायच्या आज्ञा ६१३ आहेत. काय खावे, काम कधी थांबवावे, कपड्याला गोंडा कसा लावावा, मजुराचे पैसे कधी चुकते करावेत, असे जगण्याचे बहुतेक कोपरे त्यांत येतात. पण या आज्ञा पाळायच्या कशासाठी? देवाने सांगितले म्हणून, की त्यामागे आणखी काही आहे? या प्रश्नाचे सर्वात धाडसी उत्तर सोळाव्या शतकात इसहाक लुरिया यांनी दिले. त्यांनी स्वतः फारसे काही लिहिले नाही. गुरू म्हणून त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली आणि वयाच्या ३८व्या वर्षी साथीच्या रोगाने त्यांचा मृत्यू झाला. तरीही पुढच्या शंभर वर्षांत यहुदी जगाची प्रार्थना, सणवार आणि आज्ञांकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्या शिकवणीने बदलली. त्यातून एक मोठे वादळही उठले.

प्रश्न नेमका काय होता?

यहुदी परंपरेनुसार ६१३ पैकी २४८ आज्ञा ‘हे करा’ असे सांगतात, तर ३६५ ‘हे करू नका’ असे बजावतात. यांतल्या काहींचे कारण कुणालाही कळेल. चोरी करू नये, आईवडिलांचा मान राखावा, यासाठी वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. पण लोकर आणि ताग एकत्र विणलेले कापड का घालायचे नाही? मांस आणि दूध एकत्र का शिजवायचे नाही? इथे तर्क अडखळतो.

बाराव्या शतकात कैरोजवळ राहणारे तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीस यांनी या आज्ञांना बुद्धीला पटणारी कारणे देण्याचा प्रयत्न केला. काही आज्ञा शरीराच्या, काही समाजाच्या भल्यासाठी आहेत, तर काही मूर्तिपूजेपासून लोकांना हळूहळू दूर नेण्यासाठी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. प्राचीन काळच्या यज्ञबळींचा अर्थ त्यांनी असाच लावला.

काबाला या गूढवादी परंपरेतल्या विद्वानांना हे उत्तर अपुरे वाटले. कारण एखादी आज्ञा जुन्या काळच्या गरजेतून आली असेल, तर काळ बदलल्यावर ती का पाळायची? त्यांनी प्रश्न उलटा केला. आज्ञेचा माणसाला काय उपयोग, याऐवजी माणसाने आज्ञा पाळल्याने देवाच्या जगात काय घडते, असे ते विचारू लागले. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आलेल्या ‘झोहर’ या ग्रंथाने या विचाराला मोठे बळ दिले. २४८ आज्ञा म्हणजे शरीराचे २४८ अवयव आणि ३६५ निषेध म्हणजे ३६५ स्नायू, अशी सांगड घातली गेली. आज्ञा म्हणजे जणू आत्म्याचे शरीर. एक आज्ञा राहिली, तर तेवढा अवयव अधू राहतो.

लुरिया यांना हा वारसा मिळाला होता.

बालपण कुठे गेले?

इसहाक लुरिया यांचा जन्म १५३४ मध्ये जेरुसलेममध्ये झाला. वडील अश्केनाझी, म्हणजे मध्य युरोपातून आलेल्या यहुदी घराण्यातले. आई सेफार्दी, म्हणजे स्पेनमधून बाहेर पडलेल्या समाजातली. वडील लवकर वारले आणि आई मुलाला घेऊन इजिप्तमध्ये आपल्या भावाकडे गेली. मामा मोर्दखाय फ्रान्सिस कैरोतले श्रीमंत गृहस्थ होते. सरकारी करवसुलीचा मक्ता त्यांच्याकडे होता.

मामाने भाच्याच्या शिक्षणात काही कमी पडू दिले नाही. दाविद इब्न झिम्रा आणि बेझालेल अश्केनाझी हे त्या काळातले नावाजलेले धर्मशास्त्री त्यांना शिक्षक म्हणून लाभले. आज्ञांचा बारीकसारीक कायदा, तालमूदमधली वादचर्चा यांत लुरिया तयार झाले. ही बाब महत्त्वाची आहे. गूढवादाकडे वळण्याआधी ते पक्के कायदेपंडित होते. आज्ञा सैल करण्याचा विचार त्यांच्या मनात कधीच नव्हता.

पुढे मामाच्याच मुलीशी त्यांचे लग्न झाले. पोटापाण्यासाठी ते व्यापार करत. कैरोतल्या जुन्या सिनेगॉगच्या कोठीत, म्हणजे ‘गेनिझा’मध्ये, शतकानुशतके साठलेल्या कागदांत त्यांच्या व्यवहाराची कागदपत्रेही सापडली आहेत. हा माणूस चमत्कारकथांतून आपल्यापर्यंत पोहोचला असला, तरी त्याचा हिशेबी, व्यवहारी चेहराही कागदावर शिल्लक आहे.

नाईलमधल्या बेटावर काय घडले?

कैरोजवळ नाईल नदीत रोदा नावाचे बेट आहे. परंपरा सांगते, की लुरिया तिथे सुमारे सात वर्षे एकांतात राहिले. आठवडाभर अभ्यास आणि चिंतन करायचे, शब्बाथला म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी घरी यायचे, असा त्यांचा क्रम होता. ‘झोहर’ त्याच सुमारास, १५५८ ते १५६० या काळात, इटलीत प्रथमच छापला गेला. त्यामुळे हस्तलिखितांपुरता राहिलेला हा ग्रंथ अधिक लोकांच्या हाती पडू लागला होता.

या काळात प्रेषित एलिया त्यांना दर्शन देऊन ग्रंथातली कोडी उलगडून सांगत, अशी शिष्यांची श्रद्धा होती. इतिहास एवढेच सांगू शकतो, की या वर्षांत त्यांनी ‘झोहर’मधल्या एका छोट्या पण अवघड भागावर टीका लिहिली. त्यांच्या स्वतःच्या हातून उतरलेल्या मोजक्या लेखनात तिचा समावेश होतो.

मग साफेदला जाण्याचे कारण काय?

१५७०च्या सुमारास लुरिया कुटुंबासह साफेदला आले. गॅलिलीच्या डोंगरात, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव तेव्हा उस्मानी साम्राज्यात होते. १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर काढले. त्यांतली अनेक कुटुंबे फिरत फिरत इथे पोहोचली. लोकरीच्या कापडाचा धंदा जोरात होता आणि त्यावर विणकर, रंगारी, व्यापारी यांच्याबरोबर विद्वानांचेही पोट चालत होते.

एवढ्याशा गावात त्या वेळी जमलेली माणसे पाहिली की थक्क व्हायला होते. यहुदी धर्मकायद्याचे आजही प्रमाण मानले जाणारे ‘शुल्हान आरूख’ लिहिणारे योसेफ कारो इथलेच. शब्बाथचे स्वागत करणारे ‘लेखा दोदी’ हे गीत रचणारे शलोमो अल्काबेझ इथलेच. काबालाच्या विखुरलेल्या विचारांची पद्धतशीर मांडणी करणारे मोशे कोर्दोवेरोही इथेच शिकवत. शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी शब्बाथला सामोरी जाण्यासाठी गावाबाहेरच्या शेतांत जात.

लुरिया काही महिने कोर्दोवेरोंकडे शिकले. जून १५७० मध्ये कोर्दोवेरो वारले आणि लुरिया यांच्याभोवती सुमारे तीस शिष्यांचा गट जमला. त्यांतले सर्वात महत्त्वाचे नाव हाईम विताल. गुरूपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान असलेले विताल नसते, तर लुरिया यांचे नावही आज फारसे कुणाला माहीत नसते. ‘अश्केनाझी रब्बी इसहाक’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लुरिया यांना ‘आरी’ म्हटले जाऊ लागले. हिब्रूत आरी म्हणजे सिंह. साहजिकच शिष्य झाले सिंहाचे छावे.

विश्व ‘मोडले’ म्हणजे काय?

लुरिया यांची शिकवण गुंतागुंतीची आहे, पण तिचा गाभा तीन पायऱ्यांत सांगता येतो.

पहिली पायरी ‘त्झिमत्झूम’, म्हणजे आक्रसणे. देव अनंत आहे, सर्वत्र भरून आहे. मग देवाखेरीज दुसरे काही असायला जागा कुठून येणार? लुरिया यांच्या मते सृष्टीची सुरुवात देवाने स्वतःला आवरून घेण्यापासून झाली. त्याने जागा मोकळी केली, म्हणून विश्वाला अवकाश मिळाला.

दुसरी पायरी ‘शेविरात हाकेलिम’, म्हणजे पात्रे फुटणे. त्या मोकळ्या जागेत देवाचा प्रकाश आला. तो धरून ठेवण्यासाठी पात्रे होती, पण खालच्या पात्रांना तो प्रकाश पेलला नाही आणि ती फुटली. प्रकाशाच्या ठिणग्या सगळीकडे विखुरल्या आणि फुटक्या तुकड्यांच्या कवचांत अडकून पडल्या. जगातले वाईट या कवचांच्या आधाराने टिकते, पण त्याला जिवंत ठेवते ती आत अडकलेली पवित्र ठिणगीच.

तिसरी पायरी ‘तिक्कून’, म्हणजे दुरुस्ती. विखुरलेल्या ठिणग्या सोडवून त्यांना मूळ जागी पोहोचवायचे काम अर्धवट राहिले आहे. आदामाच्या पापाने ते आणखी बिघडले. आता ते पुरे करायची जबाबदारी माणसावर आहे.

ही दुरुस्ती करायची कशाने? लुरिया यांचे उत्तर होते : आज्ञांनी.

आज्ञेचा आतला अर्थ कसा समजून घ्यायचा?

इथे जेवणाचे उदाहरण सोपे पडेल. यहुदी धर्मात घास घेण्यापूर्वी आशीर्वचन म्हणण्याची रीत आहे. साधा अर्थ म्हणजे अन्नाबद्दल कृतज्ञता. लुरिया यांच्या चौकटीत त्याच कृतीला दुसरा थर येतो. अन्नातही ठिणगी अडकलेली आहे. धर्माने मान्य केलेले अन्न, योग्य शब्द म्हणून, योग्य भावनेने खाल्ले, तर ती ठिणगी मोकळी होते. निषिद्ध अन्नातली ठिणगी मात्र खाऊन सोडवता येत नाही. त्यापासून दूर राहणे हीच तिथली दुरुस्ती. म्हणजे ‘करू नका’ सांगणाऱ्या आज्ञाही काही घडवतच असतात.

दानाचेही तसेच. काबालाच्या परंपरेत दान म्हणजे देवाच्या चार अक्षरी नावाची जुळणी मानली जाते. हातातले नाणे हे पहिले अक्षर, ते धरणारी पाच बोटे दुसरे, पुढे केलेला बाहू तिसरे आणि घेणाऱ्याचा तळहात चौथे. देणारा आणि घेणारा एकत्र आल्याखेरीज नाव पुरे होत नाही. घेणाऱ्याचा हात इथे तितकाच पवित्र ठरतो.

कृतीबरोबर मनाचा नेमका रोख हवा, यावर लुरिया यांचा भर होता. त्याला ‘कव्वाना’ म्हणतात. प्रार्थनेतला कोणता शब्द म्हणताना मन कुठे असावे, कोणती दैवी शक्ती कोणत्या शक्तीशी जोडली जात आहे, याचे तपशीलवार मार्गदर्शन ते शिष्यांना देत. पण नुसता रोख पुरेसा नव्हता. हाताने कृती करणे, तोंडाने शब्द उच्चारणे आणि मनाने अर्थ धरणे, या तिन्हींची गाठ पडली तरच आज्ञा पुरी झाली असे ते मानत.

हे सगळे केवळ ध्यानधारणेपुरते होते का?

नाही, आणि लुरिया यांच्या चरित्रातला सर्वात वाचनीय भाग हाच आहे. विताल यांनी गुरूच्या दैनंदिन वागण्याच्या नोंदी ठेवल्या आहेत. त्यांतून आतला अर्थ प्रत्यक्ष व्यवहारात कसा उतरतो, हे दिसते.

मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा आहे. लुरिया यांच्याकडे कधी हातात पैसे नसत. अशा वेळी ते दुपारनंतरची प्रार्थना थांबवून ठेवत, इकडूनतिकडून उसने आणून मजुराचे पैसे आधी चुकते करत आणि मगच, दिवस कलायला आलेला असताना, प्रार्थनेला उभे राहत. एवढी मोठी आज्ञा पुढ्यात पडलेली असताना देवापुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे, हा त्यांचा प्रश्न होता. विश्वाच्या दुरुस्तीची इतकी भव्य कल्पना मांडणाऱ्या माणसाच्या लेखी एका मजुराचे दिवसाचे पैसे प्रार्थनेच्या आधी येत होते.

सकाळची प्रार्थना सुरू करण्याआधी शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञा मनोमन स्वीकारावी, असे ते शिकवत. सोबत्यांपैकी कुणी संकटात किंवा आजारी असेल, तर त्याचे दुःख आपल्या प्रार्थनेत घ्यावे, अशीही त्यांची शिकवण होती. रागाला ते फार मोठा दोष मानत. इतर पापांनी आत्म्याच्या एखाद्या भागाला इजा होते, पण रागाने सगळा आत्माच निघून जातो, असे त्यांचे मत होते. धाकट्या भावाला शिकवताना विताल संतापले, तेव्हा गुरूने त्यांनाही सोडले नाही.

माशी, पिसू, ऊ यांसारखा क्षुद्र जीवही ते मारत नसत, अगदी तो त्रास देत असला तरी. धार्मिक वस्तू घेताना ते घासाघीस करत नसत. स्वतःचे कपडे साधे ठेवत, पण पत्नीच्या कपड्यांवर तिच्या इच्छेप्रमाणे खर्च करत. आणि आज्ञा पाळायची तर आनंदाने, कारण खिन्न मनाने केलेल्या उपासनेत वरचा प्रकाश उतरत नाही, असे ते सांगत.

पुनर्जन्माचा संबंध कुठे येतो?

भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल अशी एक कल्पना लुरिया यांच्या शिकवणीत मध्यवर्ती आहे. तिचे नाव ‘गिल्गूल’, म्हणजे आत्म्याचे पुन्हा जन्म घेणे. प्रत्येक आत्म्याला सर्व आज्ञा पुऱ्या करायच्या असतात. एका जन्मात राहून गेलेल्या आज्ञा पुऱ्या करायला तो परत येतो.

पण साम्य इथपर्यंतच. जन्ममरणाच्या फेऱ्यातून एकट्याने सुटणे हे इथले अंतिम ध्येय नाही. सगळे आत्मे मुळात आदामाच्या एकाच आत्म्याचे भाग आहेत. त्यामुळे एकाची दुरुस्ती सगळ्यांच्या दुरुस्तीला जोडलेली राहते. सर्व आज्ञा एका माणसाला पाळणे शक्यही नसते. काही फक्त पुरोहितांसाठी, काही फक्त मंदिर उभे असतानाच्या काळासाठी आहेत. म्हणून हे काम सामुदायिक ठरते.

मृत्यूनंतर शिकवण कशी टिकली?

जुलै १५७२ मध्ये साफेदमध्ये रोगाची साथ आली आणि लुरिया तिला बळी पडले. अखेरपर्यंत त्यांनी व्यापार सोडला नव्हता. मृत्यूच्या तीन दिवस आधी त्यांनी गिऱ्हाइकांचे हिशेब पुरे केले होते, असे सांगितले जाते. साफेदच्या जुन्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

मागे ग्रंथ जवळपास नव्हताच. एक टीका, शब्बाथच्या भोजनांसाठी अरामी भाषेतली तीन गीते आणि शिष्यांच्या आठवणी, एवढाच ऐवज. विताल यांनी ऐकलेले सारे लिहून काढले, पण ते बाहेर जाऊ नये म्हणून जिवापाड जपले. १५७५ मध्ये काही शिष्यांनी लेखी करार करून विताल यांच्याकडेच शिकायचे आणि गुपित राखायचे, असे ठरवले. तरी नकला झाल्या. विताल १६२० मध्ये दमास्कसमध्ये वारले. त्यांचा मुलगा शमुवेल याने हे लेखन आठ ‘दारां’मध्ये लावले. त्यांतले एक ‘शार हामित्झ्वोत’, म्हणजे आज्ञांचे दार. ‘एत्झ हाईम’ हा विताल यांचा मुख्य ग्रंथ तर छापून निघाला थेट १७८२ मध्ये.

दरम्यान लुरिया यांच्याभोवती आख्यायिका वाढत गेल्या. पक्ष्यांची भाषा त्यांना कळे, माणसाच्या कपाळावरून ते त्याची पापे वाचत, अशा कथा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या पत्रांतून युरोपभर पसरल्या. त्यांतली एक विशेष प्रसिद्ध आहे. एका शुक्रवारी लुरिया यांनी शिष्यांना तडक जेरुसलेमला चला म्हटले. काही जणांनी घरी विचारून येतो असे सांगितले. मुक्तीची घडी तेवढ्यात निसटली, असे ही कथा म्हणते.

वादळ कशावरून उठले?

आतल्या अर्थाची ओढ लागली, की एक धोका नेहमीच उभा राहतो. अर्थ हाती आला, तर बाहेरची कृती हवीच कशाला?

१६६५ मध्ये शब्बताय झ्वी यांना मसीहा म्हणून जाहीर करण्यात आले. त्यांचे प्रवक्ते गाझाचे नाथान लुरिया यांच्या शिकवणीत मुरलेले होते. दुरुस्ती पुरी होत आली आहे, आता जुने निर्बंध गळून पडतील, अशी भाषा सुरू झाली. शब्बताय यांनी उपवासाचे दिवस उत्सवाचे केले, निषिद्ध गोष्टी जाहीरपणे केल्या. येमेनपासून ॲमस्टरडॅमपर्यंत लोक भारावले. सप्टेंबर १६६६ मध्ये उस्मानी दरबारापुढे उभे केल्यावर शब्बताय यांनी इस्लाम स्वीकारला आणि लाखो आशा कोसळल्या. मसीहाला सर्वात खोल कवचात उतरून तिथल्या ठिणग्या सोडवाव्या लागतात, असे समर्थनही काहींनी केले.

धर्मपंडित यानंतर सावध झाले. १७५६ मध्ये ब्रॉडी इथल्या सभेने ‘झोहर’ वाचण्यासाठी ३० आणि लुरिया यांची शिकवण वाचण्यासाठी ४० वर्षे वयाची अट घातली. लुरिया यांनी मात्र कृती वगळण्याचा मार्ग कधीच दाखवला नव्हता. त्यांच्या लेखी आतला अर्थ कळल्याने आज्ञा अधिक काटेकोर होत होती.

आज काय उरले आहे?

अठराव्या शतकात पूर्व युरोपात उभ्या राहिलेल्या हसिदी चळवळीने लुरिया यांच्या कल्पना सामान्य माणसाच्या भाषेत आणल्या आणि त्यांच्या रीतीवर बेतलेली प्रार्थना स्वीकारली. विसाव्या शतकात इतिहासकार गेर्शोम शोलेम यांनी पात्रे फुटण्याच्या कल्पनेत स्पेनमधल्या हकालपट्टीचे दुःख वाचले. मोशे इदेल यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी त्याला पुरेसा पुरावा नाही, असे दाखवून दिले. वाद अजून संपलेला नाही.

‘तिक्कून ओलाम’, म्हणजे जगाची दुरुस्ती, हा शब्दप्रयोग आज अमेरिकेतल्या अनेक यहुदी संस्था सामाजिक न्यायासाठी वापरतात. लुरिया यांचा तिक्कून मुख्यतः दैवी जगाचा होता आणि आज्ञांशिवाय त्यांना तो शक्य वाटत नव्हता. हा फरक विसरून चालणार नाही.

साफेदचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. कोकणात शतकानुशतके मराठी बोलणारे बेने इस्राएल तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ नाव पडले. ग्रंथ जवळ नसतानाही शब्बाथची आज्ञा त्यांच्या हातून सुटली नव्हती. पुढे मुंबईत १७९६ मध्ये ‘शार हारहमीम’ हे त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. साफेदच्या अल्काबेझ यांचे ‘लेखा दोदी’ जगभरच्या यहुद्यांप्रमाणे बेने इस्राएलही शुक्रवारी संध्याकाळी गातात.

लुरिया यांची ठिणग्यांची आणि पात्रांची कथा कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण कर्मकांड आणि श्रद्धा यांच्यावरच्या कुठल्याही चर्चेत त्यांचा एक निकष उपयोगी पडतो. आज्ञेचा खोल अर्थ समजल्याचा दावा करणाऱ्याच्या दारात, सूर्य मावळेपर्यंत, कुणाची मजुरी थकलेली नसावी.